उन्हानं उतरलेली फायबर बोट पुन्हा चकचकीत कशी करावी

जळगाव जिल्ह्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमची १८ फुटी फायबर बोट चालते. हिवाळ्यात पक्षी बघायला येणारी मंडळी आणि महाशिवरात्रीला चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमावर जमणारे यात्रेकरू, हे आमचे दोन मुख्य प्रवासी. बोट किनारपट्टीवरून जुनी घेतली आणि ट्रकवर घालून आणली. आली तेव्हा अंग दुधासारखं पांढरं होतं आणि कडेला गडद निळा पट्टा होता. हात ठेवला तर घसरावा इतकी गुळगुळीत. दोन उन्हाळे तिनं काठावर काढले. पट्टा राखेच्या रंगाचा झाला. पांढऱ्या भागावरून हात फिरवला की तळहाताला खडू पुसल्यासारखी पूड लागू लागली. आमच्या काठावरचे एक जुने भोई काका बघून म्हणाले, "भो, हिले पाण्यानं नाही, उन्हानं खाल्लं."

त्यांचं बोलणं खरं होतं, पण ते मला कळायला एक वर्ष लागलं. मधल्या काळात एका कारागिराच्या सल्ल्यानं मी बोटीवर ऑइलपेंट मारून घेतला. चार महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटले. तो रंग खरवडण्यात आठ दिवस गेले आणि बोटीची थोडी मूळ कातडीही गेली, ती काही परत येत नाही. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. तापीवर, गिरणेवर, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजवर, उकाईच्या फुगवट्यात, जिथे कुठे तुमची फायबर बोट असेल तिथे हे लागू पडेल.

१. आधी समजून घ्या: हा रंग नाही, बोटीची कातडी आहे

फायबर बोट बाहेरून आत अशी घडते. साच्याला आधी मेण लावतात, त्यावर रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर राळेचा जाडसर थर देतात, आणि तो थर आवळला, म्हणजे घट्ट झाला, की आतून काचेच्या तंतूंची मॅट आणि राळ चढवतात. साच्यातून बोट सुटते तेव्हा तो पहिला थर बाहेर येतो. त्याचं नाव जेलकोट. म्हणजे चमक ही वरून लावलेली नसते, ती साच्याच्या गुळगुळीतपणाची उमटलेली छाप असते.

जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. मोटारीवरचा वरचा पारदर्शक थर याच्या जवळपास एक दशांशच असतो. म्हणून बोट घासायला मोटारीपेक्षा जास्त वाव आहे. पण अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, तर पोस्टकार्ड दोनदा दुमडलं तर त्याहूनही कमी. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा जातो. पुढची प्रत्येक पायरी वाचताना एवढं ध्यानात ठेवा: कमीत कमी घासून काम भागत असेल तर तिथेच थांबायचं.

सूर्याचे अतिनील किरण राळेची वरची पातळी फोडतात. ती सच्छिद्र होते, तिची पूड होते, उजेड सरळ परतण्याऐवजी विखुरतो आणि बोट पांढुरकी दिसते. खाली जेलकोट बहुतेक वेळा धडधाकट असतो. आपल्याला फक्त वरची मेलेली पातळी काढायची आहे आणि खालची उघडी पातळी पुन्हा उन्हाला द्यायची नाही.

२. आपल्याकडचा त्रास वेगळा आहे

बोटीच्या देखभालीचं जे काही वाचायला मिळतं ते समुद्राचं असतं. मीठ, शिंपले, खारा वारा. खान्देशात त्यातलं काही नाही. आपल्याकडे ऊन आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि नेमकं तेव्हाच धरणाचं पाणी उतरलेलं असतं, म्हणून बोट दोन-तीन महिने कोरड्या काठावर उघडी पडून राहते. गडद रंगाच्या पट्ट्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो.

दुसरं, गाळ. काळ्या मातीचा बारीक गाळ कोरडा झाला की दिसायला मऊ वाटतो, पण त्यात वाळूचे कण असतात. कोरड्या फडक्यानं तो पुसणं म्हणजे बोटीवर स्वतःच्या हातानं ओरखडे काढणं. तिसरं, पाण्यातले क्षार. पूर्णा वऱ्हाडातल्या खारपाण पट्ट्यातून वाहत चांगदेवला तापीला मिळते. पाणी जसजसं खाली जातं तसतशा बोटीच्या अंगावर पांढऱ्या रेषा उमटतात, माठावर उमटतात तशा. त्या रेषा आणि उन्हानं आलेली पांढुरकी छटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

३. बोटीची परीक्षा

सामान आणण्याआधी अर्धा तास बोटीभोवती फिरा.

काळं कापड बोटाला गुंडाळून अंगावर दाबून फिरवा. पूड निघाली की ऊन लागलेलं आहे. मग तोच भाग पाण्यानं ओला करा. ओला असताना मूळ रंग झळकला आणि वाळल्यावर पुन्हा फिकट झाला, तर खुशाल कामाला लागा, बोट परत चमकणार. ओला करूनही रंग येत नसेल, किंवा खालून तंतूंची जाळी, पिवळट-हिरवट पारदर्शक भाग दिसत असेल, तर तिथला जेलकोट संपला आहे. तिथे घासून काही मिळणार नाही. तेवढ्या भागावर नवा जेलकोट किंवा दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग हाच मार्ग.

चिरा बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुधा जेलकोटपुरत्या असतात. एकच लांब चीर असेल आणि त्या जागी नाण्यानं ठोकल्यावर आवाज पोकळ, बद्द येत असेल, तर आतली मॅट सुटली आहे. ते पॉलिशचं काम नाही, दुरुस्तीचं आहे. ते होईपर्यंत प्रवासी बसवू नका.

बुडाखाली हात फिरवा. डांबराच्या रस्त्यावर उन्हात फोड येतात तसे लहान फुगे लागले तर पाणी जेलकोटमधून आत शिरलं आहे. फोडल्यावर आंबूस वासाचं पाणी निघतं. असे मोजकेच असतील तर ते उघडून, धुऊन, कित्येक आठवडे वाळवून मग भरावे लागतात. ओल्यावर भरलेला फोड पुन्हा येतो.

४. दिवस आणि जागा

आमच्याकडे सगळ्यात चांगले दिवस कोजागिरी ते दिवाळी. माती अजून ओलसर असल्यानं धूळ उडत नाही, हवा कोरडी होऊ लागलेली असते, आणि दुपारचं तापमान जेलकोट आवळायला पुरेसं असतं. शिवाय थंडीतले पाहुणे पक्षी आणि त्यांच्यामागे माणसं यायच्या आत बोट तयार होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. १५ अंशांखाली जेलकोट नीट आवळत नाही, म्हणून तेव्हा टवके भरायचं काम दुपारीच करा. एप्रिल-मे मात्र सोडूनच द्या. तापलेल्या अंगावर कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) टाकताच वाळतं आणि मेण पुसताच येत नाही.

बोट काठावर घासू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जुने टायर टाकून घरी किंवा शेडखाली आणा. याला दोन कारणं. एक, काठावर वीज नसते आणि ओल्या चिखलात उभं राहून विजेचं यंत्र चालवणं जिवावर बेतू शकतं. दुसरं, घासताना निघणारं दुधाळ पाणी, आम्ल, थिनर हे जलाशयात जाता कामा नये. हतनूरच्या पाण्यावर भुसावळ आणि दीपनगरचं वीजकेंद्र अवलंबून आहे, आणि आपल्या मासेमारांचं पोटही.

झाडाखाली करत असाल तर बाभूळ आणि कडुनिंब टाळा. वरून डिंक आणि पक्ष्यांची विष्ठा पडते, ताज्या मेणावर दोन्ही चिकटतात.

५. सामान

यातलं निम्मं मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळतं. जेलकोट आणि हार्डनर (जेलकोट कडक करणारं रसायन) मात्र जिथे फायबरच्या टाक्या, दारं, पुतळे घडवतात तिथे विचारा. ते लोक अर्धा किलोही देतात, आणि रंग जुळवायला मदतही करतात.

धुण्यासाठी: दोन बादल्या, मऊ स्पंज, मऊ ब्रश, मोटार धुवायचा शाम्पू, पांढरा व्हिनेगर, ऑक्झॅलिक आम्लाची पूड (फरशी पॉलिश करणारे वापरतात तीच).

भरणीसाठी: जेलकोट, रंगाची पेस्ट, हार्डनर, एसीटोन, सुई नसलेली सिरिंज, जाड पारदर्शक प्लास्टिक शीट.

घासण्यासाठी: ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक), रबरी ठोकळा, मऊ पेन्सिल, मास्किंग टेप.

चमकवण्यासाठी: वेग कमी-जास्त करता येणारं बफिंग मशीन (फिरत्या पॅडनं चमक आणणारं यंत्र), दोन लोकरी पॅड, दोन फोमचे पॅड, रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश, घट्ट मेण, आणि भरपूर मायक्रोफायबर कापड. आमच्या बोटीच्या दोन्ही बाजूंना एक किलो कंपाउंड पुरून उरलं.

स्वतःसाठी: रबरी हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, चांगला मास्क. हे तीन नसतील तर काम सुरूच करू नका.

एक इशारा इथेच देतो. घरात लोखंड कापायचं चार इंची ग्राइंडर असतं, त्यालाच लोकरी पॅड लावून अनेक जण सुरू होतात. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतं. आपल्याला लागतात हजार ते दीड हजार. ग्राइंडरनं दोन सेकंदांत जेलकोट जळतो आणि तिथे तपकिरी डाग कायमचा राहतो. मशीन विकत घेणं जमत नसेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून दोन दिवस भाड्यानं आणा.

६. धुणं

आधी नळीनं भरपूर पाणी मारून गाळ वाहू द्या. हात लावू नका. मग शाम्पूच्या पाण्यात स्पंज बुडवून वरून खाली धुवा. दुसऱ्या बादलीत साधं पाणी ठेवा आणि प्रत्येक वेळी स्पंज त्यात पिळून मगच शाम्पूत घाला, नाहीतर खालचा गाळ वर फिरत राहतो.

क्षाराच्या रेषांवर व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे करून ओलं फडकं पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा. शेवाळाचे तपकिरी आणि गंजाचे लाल डाग राहिले तर एक लिटर कोमट पाण्यात ३०-४० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवा, हातमोजे घालून ब्रशनं लावा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. ते अंगावर वाळू देऊ नका. पूड विषारी आहे, मुलांच्या आणि गुरांच्या आसपास ठेवू नका. संडास धुवायचं आम्ल अजिबात नको. त्यानं स्क्रू, कडे, ट्रेलर सगळं खाल्लं जातं.

बोट वाळली की स्वच्छ फडक्यावर थोडं एसीटोन घेऊन अंग पुसा, म्हणजे जुनं मेण आणि तेल निघेल. एसीटोन पेट घेतं, जवळ बिडी-काडी नको. पारदर्शक प्लास्टिकच्या काचेला आणि रबराला ते लागू देऊ नका, काच धुरकट होते.

७. टवके भरणं

घासण्याआधी खड्डे भरायचे, कारण भरलेली जागा पुढच्या घासणीत आपोआप सपाट होते.

टवक्याच्या कडा ८० नंबरच्या पेपरनं किंवा टोकदार हत्यारानं थोड्या उतरत्या करा. नवा जेलकोट धरायला खडबडीत जागा लागते. एसीटोननं पुसा, वाळू द्या.

आता रंग. पांढरा म्हणजे एकच पांढरा नसतो. आमच्या बोटीच्या पांढऱ्यात किंचित पिवळा आणि अगदी सुईच्या टोकाएवढा काळा घालावा लागला. बोटीचा सावलीतला, आतल्या कप्प्यातला भाग मूळ रंग दाखवतो, त्याच्याशी जुळवा.

मग हार्डनर. १०० ग्रॅम जेलकोटला एक ते दोन मिली. अंदाजे ओतू नका, सिरिंजनं मोजा. ३५ अंशांच्या वर एकच मिली ठेवा, नाहीतर लावायच्या आत डब्यातच गोठेल. पण एकपेक्षा कमीही करू नका. कमी पडलं तर तो थर कधीच पुरता कडक होत नाही.

या जागी थोडा थांबून वाचा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावूनच बाटली उघडा. थेंब उडालाच तर डोळा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा, निदान पंधरा मिनिटं, आणि तसंच दवाखान्यात जा. आपल्याकडे राळेबरोबर जांभळ्या रंगाचं कोबाल्ट, म्हणजे राळ लवकर आवळायला घालायचं रसायन, वेगळ्या बाटलीत मिळतं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोटासारखा भडका होतो. लागत असेल तर कोबाल्ट आधी जेलकोटमध्ये नीट ढवळायचं आणि मग, वेगळ्या काडीनं, हार्डनर. दोघांना एकच सिरिंज वापरायची नाही. दुकानदाराला आधी विचारा की जेलकोटमध्ये कोबाल्ट घातलेलं आहे का. बहुतेक वेळा असतं. उरलेला मिसळलेला जेलकोट तापतो, तो आणि हार्डनर लागलेल्या चिंध्या गवतात किंवा कचऱ्याच्या ढिगात फेकू नका. पाण्याच्या डब्यात टाका.

टवका पृष्ठभागापेक्षा किंचित उंच भरा आणि वर पारदर्शक शीट दाबून चारही बाजूंनी टेप लावा. हवा लागली तर साध्या जेलकोटची वरची पातळी चिकटच राहते. शीट दुसऱ्या दिवशी काढा.

८. वॉटर पेपर: लागला तरच

ही पायरी प्रत्येक बोटीला लागत नाही. नुसती पूड निघत असेल तर सरळ कंपाउंडवर जा. दोन बाय दोन फुटांचा तुकडा कंपाउंडनं करून बघा. चमक आली तर पेपर बाजूला ठेवा. नाही आली तरच १५०० नंबर. तरी नाही तर १०००. ८०० फार जुनाट अंगाला आणि भरलेल्या टवक्यांना. मी उलट केलं होतं, थेट ६०० नं सुरुवात केली, आणि त्याचे ओरखडे काढण्यात आणखी दोन थर गेले.

पेपर आधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. पाण्यात शाम्पूचे दोन-तीन थेंब टाका. अंगावर मऊ पेन्सिलीनं विरळ चौकटी काढा आणि रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून हलक्या हातानं घासा. पेन्सिलीची रेघ गेली की थांबा. रेघ जिथे राहिली तिथला भाग खोलगट आहे. नुसत्या बोटांनी पेपर धरला तर बोटांच्या रेषांत अंग खाल्लं जातं आणि उन्हात लाटा दिसतात.

पहिला पेपर आडवा घासला तर पुढचा उभा. मग आधीचे ओरखडे गेले की नाही ते स्पष्ट कळतं. पेपर बदलताना अंग आणि बादली धुवा. जाड पेपरचा एक कण बारीक पेपरखाली राहिला तर तो अर्धी बाजू कोरून काढतो. निघणारं पाणी रंगीत दुधासारखं असतं, घाबरू नका. पण मध्येच वेगळ्या रंगाचं किंवा पारदर्शक काही दिसू लागलं तर हात तिथल्या तिथे थांबवा, जेलकोट संपत आला आहे.

कडा, कोपरे आणि पुढच्या टोकाची धार यांवर टेप लावून ठेवा. तिथे थर पातळ असतो आणि पेपर नेमका तिथेच जास्त चावतो. त्या जागा शेवटी टेप काढून २००० नं हातानं, चार-पाच फेऱ्यांत संपवा. नोंदणी क्रमांकावरही टेप लावा. तो पुसट झालेला चालत नाही.

पेपर सुका कधीच वापरू नका. सुकी पूड फुप्फुसात जाते.

९. बफिंग

खरी चमक इथे येते, आणि बिघाडही बहुतेक इथेच होतो.

जमीन कोरडी असू द्या. मशीनची वायर खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे ती पॅडमध्ये गुंतत नाही. एका वेळी दोन बाय दोन फूट. हरभऱ्याएवढे पाच-सहा थेंब कंपाउंड अंगावर ठेवा, मशीन बंद असतानाच पॅडनं पसरवा, मग हळू वेगात सुरू करा आणि हजार ते दीड हजारांवर न्या. आधी चालू करून टेकवलं तर कंपाउंड तुमच्या तोंडावर आणि भिंतीवर.

मशीनचं स्वतःचं वजन पुरेसं असतं. दाबू नका. आडव्या पट्ट्यांत सावकाश फिरवा, प्रत्येक पट्टा आधीच्याला निम्मा झाकेल असा. मग उभ्या पट्ट्या. मशीन एका जागी थांबवायचं नाही. अधूनमधून हाताचा मागचा भाग अंगाला लावून बघा. कोमट ठीक, पण हात ठेववत नसेल तर दहा मिनिटं थांबा. लोकरी पॅड दर दोन-तीन तुकड्यांनी कडक होतो. लाकडी पट्टीनं फिरत्या पॅडमधलं वाळलेलं कंपाउंड झाडून काढा. घट्ट झालेला पॅड घासत नाही, नुसता तापवतो.

उभ्या कडेवर पॅड नेताना तो कडेपासून बाहेरच्या दिशेनं फिरत असला पाहिजे. कडेत घुसत असेल तर मशीन हातातून उडतं. हे एकदा रिकाम्या ड्रमवर करून बघा.

एक तुकडा झाला की मायक्रोफायबरनं पुसा आणि बाजूच्या न केलेल्या भागाशी ताडून बघा. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. दिवसा न दिसणारे गोल ओरखडे तेव्हा दिसतात. कंपाउंडमधलं तेल ओरखडे लपवतं, म्हणून निर्णय घेण्याआधी तेवढी जागा शाम्पूच्या पाण्यानं धुऊन वाळवा. धुतल्यावरही चमक राहिली तीच खरी.

मग फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, त्याच पद्धतीनं. ही फेरी अर्ध्या वेळात होते. आमचा निळा पट्टा कंपाउंडनंतर धुरकट निळाच होता, पॉलिशनंतर त्यात समोरच्या लिंबाच्या झाडाच्या फांद्या दिसू लागल्या. गडद रंगावर ही फेरी गाळू नका. पांढऱ्यावर मात्र घाई असेल तर चालून जातं.

१०. मेण

इथवर आलेला जेलकोट चमकतो, पण उघडा आहे. आज मेण लावलं नाही तर एका उन्हाळ्यात पुन्हा तीच पूड.

कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. ते वितळायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते, म्हणून आपल्या उन्हात टिकतं. पॉलिमरचं सीलंट त्याहून थोडं जास्त टिकतं, पण महाग. पहिल्या खेपेला मी घट्ट कार्नोबाच सुचवतो. डब्यावर सिलिकॉन असल्याचं लिहिलं असेल तर टाळा. सिलिकॉन जेलकोटमध्ये मुरतं आणि पुढे कधी रंग किंवा जेलकोट लावायचा झाला तर त्याला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. ताज्या भरलेल्या टवक्यांना दोन दिवस आवळू द्या आणि मग मेण.

अंग थंड असताना, सावलीत, फोमच्या तुकड्यानं अगदी पातळ थर. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे भरून येतात. धुरकट वाळलं की स्वच्छ कापडानं पुसा. काही तासांनी दुसरा थर, कारण पहिल्यात कुठेतरी जागा सुटलेली असतेच.

जिथे पाय पडतो त्या खडबडीत भागाला, पायऱ्यांना, बसायच्या फळ्यांना मेण लावू नका. ओल्या पायानं माणूस सरळ पाण्यात जाईल. यात्रेच्या दिवशी बोटीत म्हाताऱ्या बाया असतात, लेकरं असतात. कायम पाण्याखाली राहणाऱ्या बुडाला शेवाळरोधक रंग द्यायचा असेल तर तिथेही मेण नको, रंग धरत नाही.

लोक डिझेल किंवा खोबरेल तेल पुसून चमक आणतात. ती चमक दोन दिवसांची. त्यावर धूळ बसते, आणि बोट पाण्यात उतरली की तेलाचा तवंग जाळ्यांवर जातो. फरशीच्या पॉलिशसारखे पटकन वाळणारे पदार्थ लावूनही बोट चमकते, पण सहा महिन्यांत तो थर पिवळा पडतो आणि पापुद्र्यांनी सुटतो.

११. पुढची काळजी

प्रत्येक फेरीनंतर साध्या पाण्यानं गाळ धुवा. कपड्यांची धुण्याची पावडर वापरू नका, ती मेण काढून टाकते. महिन्यातून एकदा अंगावर पाणी शिंपडून बघा. थेंब अळूच्या पानावरच्यासारखे गोल राहिले तर मेण आहे. पाणी पसरून चादरीसारखं बसलं तर पुन्हा मेण. आमच्याकडे बाजूंना तीन-चार महिने टिकतं, वरच्या आडव्या कडेवर त्याहून कमी. मी दिवाळीला, महाशिवरात्रीच्या आधी आणि बोट काठावर ओढण्यापूर्वी असं तीनदा लावतो. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यानंतर उन्हाळा आहे.

उन्हाळ्यात झाकण हवंच. ताडपत्री अंगाला घट्ट चिकटवून बांधली तर खाली घाम धरतो आणि वाऱ्यानं फडफडून ती जेलकोट घासते. त्यापेक्षा बांबूच्या चार कमानी रोवा आणि त्यावर रावेर-यावलकडे केळीच्या रोपवाटिकेत वापरतात ती शेडनेट, दोन पदरी. वारा खेळतो, ऊन अडतं. वादळी वाऱ्याच्या दिवसांत खुंट्या दुप्पट ठोका.

आणि बोटीची एक वही ठेवा. कुठल्या वर्षी कुठल्या भागाला कुठला पेपर मारला, किती फेऱ्या कंपाउंड केलं, टवके कुठे भरले, रंगात किती थेंब काय घातलं, कधी मेण लावलं. जेलकोट किती उरला हे बाहेरून मोजता येत नाही, वहीवरून अंदाज बांधता येतो. आमच्या वहीत उजव्या बाजूच्या पुढच्या टोकासमोर लाल शाईनं लिहिलं आहे: इथे पेपर लावू नये, फक्त मेण.